पृथ्वीचे वय आणि पुराव्याची मर्यादा

मित्रहो, १८५७ साली इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘ओम्फॅलॉस’ नावाचे पुस्तक निघाले. गॉस हा समुद्री जीवांचा नावाजलेला अभ्यासक. घरात मत्स्यालय ठेवण्याची हौस तिथे पसरली ती बरीचशी त्याच्या लेखनामुळे. माणूस बायबलवर अक्षरशः श्रद्धा ठेवणारा. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळींचा हिशेब मांडून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये ठरवला होता, म्हणजे पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची. पण गॉसला खडकही वाचता येत होते, आणि खडक काही वेगळेच सांगत होते.

त्याने काढलेली वाट अशी. देवाने झाड निर्माण केले ते पूर्ण वाढलेले, म्हणजे खोडात वर्षावलये असणारच. पहिल्या माणसाला आई नव्हती, तरी बेंबी असणार. तसेच पृथ्वीचे. ती निर्माण झाली तीच जुन्या इतिहासाच्या खुणा अंगावर घेऊन. जीवाश्मांसह. प्राण्यांच्या अश्मीभूत विष्ठेचा प्रश्नही त्याने टाळला नाही. जिवंत देह निर्माण होताना आतड्यात काही असणारच, तेव्हा तीही त्या न घडलेल्या इतिहासाचाच भाग, असे त्याने शांतपणे लिहिले.

हे खोडून काढता येते का? नाही. मी हे पूर्ण गांभीर्याने सांगतो. जगातली कुठलीही प्रयोगशाळा गॉसला चूक ठरवू शकत नाही, कारण तुम्ही जो पुरावा आणाल तो ‘तसाच निर्माण केलेला’ असणार. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९२१ मध्ये हाच मुद्दा टोकाला नेला. सगळे जग, आपल्या आठवणींसकट, पाच मिनिटांपूर्वी अस्तित्वात आले असे कोणी म्हटले, तर त्यात तार्किक विसंगती दाखवता येत नाही. विज्ञानाच्या पुराव्याला ही मर्यादा आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. भूमितीचे प्रमेय सिद्ध होते त्या अर्थाने पृथ्वीचे वय सिद्ध होत नाही.

मग ४५४ कोटी वर्षे हा आकडा आपण कुठल्या बळावर सांगतो?

‘शास्त्रज्ञांचे आकडे बदलतात, त्यांच्यावर काय विश्वास ठेवायचा?’ असे विचारणारे लोक नामवंत भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनचे नाव घेतात. घेऊ द्या, ते उदाहरण उत्तम आहे. तप्त गोळा थंड व्हायला किती काळ लागेल याचे गणित मांडून केल्व्हिनने १८६२ मध्ये २ ते ४० कोटी वर्षे हा अंदाज दिला, आणि १८९७ पर्यंत तो २ ते ४ कोटींवर आणला. त्या काळी केल्व्हिनला आव्हान देणे सोपे नव्हते. पण १८९५ मध्ये त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जॉन पेरीने दाखवले, की पृथ्वीच्या पोटातली उष्णता केल्व्हिनने धरली त्यापेक्षा सहज वाहत असेल, तर वय कितीतरी पटींनी वाढते. चूक गृहीतकात होती. गृहीतक उघड मांडलेले होते, म्हणूनच ते पकडता आले. गॉसच्या पुस्तकात पकडायला असे काहीच नाही.

आता एक खडा हातात घेऊ. झिरकॉन. वाळूच्या कणाएवढा स्फटिक. तो तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसे सापडते ते युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून, म्हणजे त्याचे अणू ठरावीक गतीने आपोआप बदलत गेल्यामुळे आलेले. युरेनियमची दोन समस्थानिके, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे दोन प्रकार, इथे कामाला येतात. एकाचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षे, दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी. एकाच कणात वेगवेगळ्या गतीची दोन घड्याळे! स्फटिकातून मधल्या काळात शिसे झिरपून गेले असेल तर दोन्ही घड्याळे वेगळी वेळ दाखवतात आणि गडबड उघडी पडते. पुराव्याने स्वतःची खोट स्वतः सांगावी, ही मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लाव्हाचे दोन लोट यायच्या मधल्या काळातली ती माती. अशा पट्ट्यांतून मिळालेल्या झिरकॉनचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे निघाले. दुसऱ्या गटाने बेसॉल्टवर अरगॉनची, म्हणजे अगदी वेगळ्या मूलद्रव्याची पद्धत वापरली. तेही तिथेच पोचले. या गटांत वाद आहेत आणि चांगले जोरात आहेत. पण ते लाव्हाचा कुठला मोठा लोट डायनोसॉरच्या अंताशी जोडल्या जाणाऱ्या उल्कापाताच्या आधीचा आणि कुठला नंतरचा, याबद्दलचे. सहा हजार वर्षांच्या आसपास कोणीच येत नाही.

पूर्वी क्षयाची गतीच वेगळी असेल तर? शंका रास्त आहे. १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट दिसला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. त्यात तयार झालेले कोबाल्ट-५६ ज्या गतीने क्षय पावत होते, ती गती इथल्या प्रयोगशाळेतल्यासारखीच निघाली, ७७ दिवसांचे अर्धायुष्य. म्हणजे तेवढ्या काळापूर्वी आणि तेवढ्या दूरही नियम तोच होता. अमेरिकेत तरुण पृथ्वी मानणाऱ्या संशोधकांच्या एका गटाने क्षय एके काळी प्रचंड वेगाने झाला असे मांडून पाहिले. तेव्हा त्यातून निघणारी उष्णता गेली कुठे, हा प्रश्न सुटत नसल्याचे २००५ मध्ये त्यांनीच नमूद केले. हा त्यांचा प्रामाणिकपणा मी मानतो.

यावर कोणी म्हणेल, ताऱ्याचा तो प्रकाश वाटेतच निर्माण केला असेल. मग आपण पुन्हा गॉसपाशी आलो. जो तारा फुटलाच नाही त्याच्या स्फोटाचे चित्र आपल्याला दाखवले गेले, असाच त्याचा अर्थ होतो. गॉसचा मित्र चार्ल्स किंग्जली स्वतः पाद्री होता, आणि त्याचा आक्षेप श्रद्धेच्याच बाजूने होता: देवाने खडकांवर अख्ख्या मानवजातीसाठी एक प्रचंड खोटे लिहून ठेवले, हे मी मानू शकत नाही.

आपल्या घरातलेही बोलतो. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, म्हणून पूर्वजांना पृथ्वीचे वय ठाऊक होते, असे अभिमानाने सांगितले जाते. पूजेच्या संकल्पातला ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे’ हा हिशेब पूर्ण करून पाहा. या कल्पाची आतापर्यंत सुमारे १९७ कोटी वर्षे सरली आहेत. तो आकडा खडकांच्या आकड्याशी जुळत नाही. अशरला लावलेली कसोटी इथेही लावायला हवी.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात सृष्टिवाद शाळेत शिकवण्याचा कायदा न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी रद्द केला. हा विचार विज्ञान नाही, कारण तो खोटा ठरण्याची शक्यताच ठेवत नाही, असे एक कारण निकालात होते. निकाल योग्यच होता. पण तत्त्वज्ञ लॅरी लॉडन यांनी या कारणाला हरकत घेतली, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, हे विधान तपासता येते. ते तपासले गेले आणि खोटे निघाले. तपासता येत नाही ते गॉसचे विधान, आणि वर्गात भूशास्त्राच्या तासाला त्याचा उपयोग नाही, कारण त्यावरून पुढचा थर कुठे सापडेल हे कोणालाच सांगता येत नाही. तपासता येणारे विधान आणि तपासता न येणारे विधान यांची गल्लत पालक आणि शिक्षक करतात, म्हणून आज एवढ्या तपशिलात बोललो. आता तुमचे प्रश्न घेऊ.