पोरांना आधी बोलू द्या
(अमेरिकेतील मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातली शिक्षिका. काटोलकडच्या गावांत शाळेच्या चारी बाजूंना संत्र्याचे बगीचे असतात आणि वर्गातली निम्मी पोरं बगीचेवाल्यांची. अशा वर्गात विज्ञानाच्या तासाला प्रश्न येतो, "झाडाला पाणी दिलं नाही तर काय होईल?" पुस्तकातलं उत्तर ठरलेलं आहे: झाड सुकेल. मागच्या बाकावरून एखादा पोरगा म्हणतो, "ताणावर सोडलं त बहार फुटते, मॅडम."

पुढचं सारं शिक्षकाच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्यावर ठरतं. "'त' नाही, 'तर' म्हण," असं ऐकलं की पोरगा खाली बसतो आणि पुन्हा सहसा उठत नाही. वास्तविक तो बरोबर सांगत होता. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, थंडीत झाडाचं पाणी तोडतात, हाच ताण. वाढ थांबते, झाडात अन्न साठतं आणि मग पाणी सोडलं की फुलं येतात. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात देतात, तो पावसानं तुटतो. हलक्या जमिनीत ताण कमी दिवसांचा, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवसांचा. एवढं वनस्पतिशास्त्र त्या पोरानं बापाच्या मागे फिरून मिळवलेलं असतं. त्याला शिक्षकानं म्हणावं, "अस्सं? मग पाणी कधी तोडतात? तुझे बाबा कसं ओळखतात?" तो बोलतो, शेजारचा त्यात भर घालतो, आणि शेवटी फळ्यावर प्रमाण मराठीत वाक्य लिहावं: 'पाण्याचा ताण दिल्यास संत्र्याला बहार येतो.' प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ती दुसऱ्या पावलावर यावी. पहिलं पाऊल पोराच्या म्हणण्याचं.

आमचं नागपूर आधी मध्य प्रांताच्या आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर. मराठी आणि हिंदी तिथे एकाच अंगणात वाढल्या. "काय करून राहिला बे?" हे आमचं रोजचं बोलणं. त्यात गोंडी, हलबी बोलणारी घरं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शक्य तोवर मातृभाषेतून शिकवायला सांगितलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं निदान पाचवीपर्यंत. कागदावर माध्यम मराठी असतं, पण गोंड पोराच्या दृष्टीनं तीही शाळेचीच भाषा असते. त्याच्याशी शिक्षक कोणत्या सुरात बोलतात, याला म्हणूनच जास्त वजन आहे.

तुमच्या याच अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि न विचारता बोलणारी मुलंही वाढली. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला तर हे वाढीव दोन सेकंद फारच लागतात, कारण त्याला मनातल्या मनात वाक्य बदलून घ्यायचं असतं.

संस्कारांचंही असंच. शाळेतल्या शिपायाला शिक्षक "भाऊ, जरा घंटा द्या" म्हणतात की "ए, घंटा दे" म्हणतात, हे पोरं कान देऊन ऐकतात. आदरावरचा धडा त्याच दिवशी शिकवून होतो, पुस्तकातला नंतर कधी तरी येतो.

आता तुमच्या रविवारच्या मराठी शाळेविषयी. इथलं पोर म्हणतं, "आजी, मी काल स्विमिंग केला." लगेच लिंग दुरुस्त करू नका. "कुठे? पाणी गार होतं का? कोणासोबत पोहलास?" असं विचारा. तुमच्या प्रश्नात त्याला 'पोहलास' ऐकू येतं आणि पुढच्या वाक्यात ते तो स्वतःच उचलतो. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या बोलीवरून खटला झाला होता. ही बोली शिक्षकांनी ओळखावी आणि तिच्या आधारानं प्रमाण इंग्रजी वाचन शिकवावं, अशा अर्थाचा निकाल न्यायाधीशांनी दिला. तुमच्या शाळेतल्या मराठीलाही तोच न्याय लावा.

आणि एक विनंती. उन्हाळ्यात नागपूर-वऱ्हाडाकडून, कोकणातून, खानदेशातून तुमचे आईवडील इथे येतात. त्यांना वर्गात बोलवा. "शुद्ध बोला हं" असं आधी बजावू नका. त्यांना त्यांच्या बोलीत शेतातलं, बाजारातलं, लग्नातलं सांगू द्या आणि मुलांना हवे तेवढे प्रश्न विचारू द्या. पुढच्या सत्राचं वेळापत्रक ठरवताना यासाठी महिन्यातला एक तास राखून ठेवावा, असं मी मंडळाच्या कार्यकारिणीला सुचवते.