इंजिनं दोन, गिअरबॉक्स एक

श्रोतेहो, नमस्कार.

हेलिकॉप्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पायलट येतो. आज तुमच्याशी बोलतोय तो हँगरमधला माणूस. माझं आयुष्य पाने, टॉर्च आणि लॉगबुक यांच्या संगतीत गेलं. यंत्र उडायला योग्य आहे असं लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. मला आज बोलायचंय एका चुंबकाबद्दल. बोटाच्या पेराएवढं असतं ते.

हेलिकॉप्टर पाडतं ते इंजिन, असं बहुतेकांना वाटतं. इंजिन बंद पडणं वाईटच, पण त्यावर उपाय आहे. सायकलचं पेडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना? तशीच सोय इंजिन आणि रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, यांच्यामध्ये असते. इंजिन गेलं की पायलट डाव्या हातातला कलेक्टिव्ह नावाचा दांडा झटकन खाली करतो. पात्यांचा कोन कमी होतो आणि हेलिकॉप्टर उतरू लागलं की खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मारायचा आणि पात्यांत साठलेली गती खर्चून टेकायचं. याला म्हणतात ऑटोरोटेशन. संधी एकदाच मिळते. रॉबिन्सन आर-२२सारख्या हलक्या पात्यांच्या यंत्रात तर कलेक्टिव्ह खाली करायला जेमतेम सेकंदभर असतो. म्हणून पायलट त्याचा पुन्हा पुन्हा सराव करतात.

पण हे सगळं पाती फिरत असतील तर. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये इंजिनाचा दांडा मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतो आणि वरची पाती अडीचशेच्या आसपास. मधली ही सगळी उतरंड गिअरबॉक्स सांभाळतो. इंजिनं दोन बसवता येतात, एक गेलं तर दुसरं आहे. मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच. त्याला जोडीदार नाही.

त्या गिअरबॉक्सच्या तेलात आमचं चुंबक बसलेलं असतं. त्याला चिप डिटेक्टर म्हणतात. आत कुठे दाता किंवा बेअरिंग झिजू लागलं की पोलादाचे कण तेलाबरोबर वाहत येतात आणि त्याला चिकटतात. आम्ही ते बाहेर काढतो, स्वच्छ कापडावर पुसतो आणि भिंगाखाली पाहतो. काजळीसारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत खवला निघाला की पोटात गोळा येतो. तो खवला कुठल्या धातूचा, कुठल्या भागाचा, हे ठरेपर्यंत यंत्र जागचं हलवायचं नाही.

२५ मार्च २००९ रोजी उत्तर समुद्रावर चालणाऱ्या एका सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या चुंबकावर असाच एक कण सापडला. देखभाल करणारे आणि यंत्र बनवणारे यांच्यात फोन झाले, ईमेल झाले. दोन्हीकडची माणसं जाणकार होती. पण बोलण्यात गैरसमज झाला. कण कुठला आहे ते ओळखलं गेलं नाही आणि गिअरबॉक्सचा तो भाग खोलून आतली चुंबकं पाहायची राहिली. यंत्र पुन्हा कामाला लागलं. त्यानंतर ते ३६ तास उडालं. १ एप्रिलला तेलविहिरीवरून स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनकडे परतताना गिअरबॉक्समधलं एक ग्रहचक्र, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणारं दातेरी चाक, फुटलं, मुख्य रोटर सुटला आणि आतली सोळाच्या सोळा माणसं गेली.

या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मी अनेकदा वाचला आहे. त्यातली सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. गिअरबॉक्सच्या आत, वरच्या भागात आणखी चुंबकं बसवलेली होती. हेतू चांगला होता, कण खाली जाऊन इतर भाग खराब करू नयेत. पण त्याच चुंबकांनी कण वरच अडवून धरले आणि खालच्या डिटेक्टरपर्यंत निरोप पोचायची वाट अडली. अपघातानंतर ती काढायला लावली.

मग प्रश्न सुटला का? नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावर, तुरॉय बेटाजवळ, त्याच घराण्यातल्या ईसी-२२५ हेलिकॉप्टरचा रोटर हवेत सुटला. तेरा जण गेले. पुन्हा तसंच ग्रहचक्र, पुन्हा धातूचा थकवा, म्हणजे वारंवार ताण पडून हळूहळू वाढणारी भेग. या वेळी भेग पृष्ठभागाखालून वाढत गेली, कण फारसे सुटलेच नाहीत. चुंबक गप्प राहिलं आणि कंपनं मोजणारी यंत्रणाही. माणसांनी चूक न करताही यंत्र फसवू शकतं, हे मान्य करायला आम्हा लोकांना फार जड जातं.

आता पायलटांकडे वळतो. मी त्यांना उड्डाणापूर्वी यंत्राभोवती फेरी मारताना रोज बघत आलोय. महत्त्वाच्या नटावर आम्ही रंगाची एक रेघ ओढतो, अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या धातूवर. नट फिरला की रेघ तुटते. चांगला पायलट प्रत्येक रेघेवर नजर टाकतो, घाई असली तरी. बसल्यावर उजवा हात सायक्लिकवर, म्हणजे पुढे-मागे आणि बाजूला नेणाऱ्या दांड्यावर, डावा खाली कलेक्टिव्हवर, दोन्ही पाय पेडलवर. चारही अवयव गुंतलेले, पाठ पुढे झुकलेली, खाली सतत थरथर. पाठदुखी हा या लोकांचा जुना सोबती आहे. थंड समुद्रावर उडणाऱ्यांना तर पाण्यात उलटं व्हायचा सराव करावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स वर असल्यामुळे हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की सहसा उलटंच होतं. मग खिडकीची कड एका हाताने घट्ट धरून ठेवायची, उलटणं थांबेपर्यंत कळ काढायची आणि मगच पट्टा सोडायचा. श्वास रोखून, डोकं खाली, पाय वर. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि तरीही हेलिकॉप्टरचे अनेक अपघात निरोगी यंत्रात होतात. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासासजवळच्या टेकडीवर हेलिकॉप्टर आदळलं, बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण गेले. यंत्रात बिघाड नव्हता. पायलट अनुभवी होता. तो ढगात शिरला, वर-खालीचं भान हरपलं. आपण वर चढतोय असं तो नियंत्रकाला सांगत होता आणि हेलिकॉप्टर खाली येत होतं. चौकशीत प्रवाशांनी दबाव आणल्याचं काही निघालं नाही. पोचवायचंच, हा दबाव त्याने स्वतःच स्वतःवर घेतला होता.

मला याचं फार वाईट वाटतं. कारण हेलिकॉप्टरजवळ असं काही आहे जे विमानाजवळ नाही. त्याला धावपट्टी लागत नाही. हवा बिघडली तर एखादं मोकळं शेत पुरतं. उतरायचं, इंजिन बंद करायचं, ढग जाईपर्यंत बसून राहायचं. अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर संघटनेचे मॅट झुकारो यांनी याच एका गोष्टीसाठी मोहीम चालवली होती. उतरा आणि जगा, एवढंच तिचं म्हणणं.

तुमच्यापैकी कुणाला कधी हेलिकॉप्टरने जायचा योग आला आणि पायलट म्हणाला, ‘आज नको,’ तर कृपा करून ‘थोडं पुढं जाऊन बघू या का?’ असं विचारू नका. तो शब्द उच्चारायला त्याला आधीच खूप बळ लागलेलं असतं. आणि जवळ जाताना पायलटला दिसाल असे, त्याची खूण झाल्यावरच जा. शेपटीकडे कधीही जाऊ नका, फिरणारा मागचा रोटर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

आमच्या हँगरातही ‘आज नको’ म्हणणं सोपं नसतं. रात्रपाळी असते, सकाळी सहाला उड्डाण ठरलेलं असतं. नट आवळताना मध्येच कुणी हाक मारली, तर परतल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची, हे मी शिकलो आणि पुढच्यांना शिकवलं. नियंत्रणाच्या दांड्यांना हात लावला असेल तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून सही करायची. एकदा पाळी संपताना एक सॉकेट सापडेना. सगळ्यांनी घरी जायचं सोडून यंत्राची झाकणं पुन्हा उघडली. पहाटे ते एका कोपऱ्यात, तारांच्या जुडग्यामागे मिळालं. उड्डाण उशिरा झालं आणि बोलणीही खावी लागली.

मोठं काम झालं की चाचणी उड्डाण असतं. काही ठिकाणी सही करणारा इंजिनियरही बरोबर जातो. मी बहुतेक वेळा गेलो. मागच्या सीटवर बसून मी बाहेर बघायचो नाही, तळवा भिंतीला लावून गिअरबॉक्सची कंपनं हाताने घेत बसायचो. जमीन सुटली की पायलट इंटरकॉमवर विचारायचा, “काय वाटतंय?” मी लगेच उत्तर देत नसे. तो थांबायचा, तिथेच दोन मीटरवर तरंगत, माझं ‘ठीक आहे’ येईपर्यंत.