रिकामे शिरस्त्राण आणि भाल्यांची रांग

रसिकहो, रंगभूमीवर युद्ध कसे उभे राहते हे गोमंतकीय प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. शिगम्याच्या दिवसांत सत्तरीत घोडेमोडणी निघते तेव्हा कमरेला लाकडी घोडा बांधलेले, हाती तलवार घेतलेले गडी ढोल-ताशांच्या तालावर पावले टाकतात आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घोडदळ उभे राहते. जत्रेतल्या दशावतारी काल्यात देव आणि दैत्य समोरासमोर येतात तेव्हाही मंचावर दोनच पात्रे असतात. साधने मोजकी असल्यामुळे तिथे प्रत्येक हालचालीला अर्थ वाहून न्यावा लागतो. ज्या चित्रपटाला सगळेच दाखवता येते, त्याच्या युद्धात प्रतीकाला जागा उरते का, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचा तिसरा भाग, २००३ सालचा ‘द रिटर्न ऑफ द किंग’, आणि त्यातला पेलेनॉरच्या मैदानावरचा संग्राम निवडला आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबरीचा हा भाग १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

माझे म्हणणे असे आहे की, एखाद्या माणसाने जाणूनबुजून पत्करलेल्या मरणाजवळ कॅमेरा थांबतो तिथे हे युद्ध अर्थपूर्ण होते, आणि चमत्कार निकाल लावतो तिथे ते अर्थाने पोकळ होते.

या काल्पनिक जगातल्या गोंडोर राज्याची राजधानी मिनास तिरिथ वेढ्यात सापडली आहे, वेशीचा दरवाजा फुटला आहे आणि सॉरॉन या दुष्ट शत्रूने आकाशावर अंधार पसरवला आहे. अशा वेळी शेजारच्या रोहन राज्याचा वृद्ध राजा थिओडेन आपले घोडदळ घेऊन पहाटे माळाच्या कडेवर येऊन उभा राहतो. कादंबरीत या क्षणी नगरात कुठेतरी एक कोंबडा आरवतो. त्याला युद्धाची आणि जादूची काहीही खबर नाही, त्याला फक्त वर कुठेतरी उजाडले आहे एवढेच कळते. आणि त्याला उत्तर द्यावे तशी दूरवरून रोहनची रणशिंगे वाजतात. चित्रपटात कोंबडा नाही, सूर्य मात्र आहे. कोवळे ऊन भाल्यांच्या पात्यांवर पडते, हॉवर्ड शोअर यांच्या संगीतातली रोहनची धून उठते. चित्र म्हणून हे देखणे आहे. पण अंधाराला न जुमानणारा तो साधा गावठी कोंबडा गेला याची मला आजही चुटपुट लागते.

त्यानंतर येतो तो माझ्या मते संपूर्ण चित्रत्रयीतला सर्वांत समर्थ क्षण. हल्ल्याआधी राजा आघाडीच्या रांगेसमोरून घोडा दौडवत जातो आणि स्वारांनी पुढे धरलेल्या भाल्यांच्या टोकांवर आपली तलवार ओळीने आपटत जातो. लाकडावर आणि लोखंडावर लोखंड वाजत राहते. कादंबरीत याच ठिकाणी राजा निशाणदाराच्या हातचे शिंग घेऊन इतक्या जोराने फुंकतो की ते फुटून जाते. पटकथेने ते शिंग सोडले आणि भाल्यांचा स्पर्श घेतला. फुटणारे शिंग एकट्या राजाचा आवेश सांगते. भाल्यांवरून फिरणारी तलवार राजाला प्रत्येक शिपायाशी जोडते. पुढे काय आहे हे त्याला ठाऊक आहे; समोरच्या सैन्यापुढे आपला निभाव लागणार नाही हे त्याने आधीच मान्य केलेले आहे. म्हणूनच तो स्वारांना विजयाची घोषणा देत नाही, मरणाची देतो. कादंबरीत मरणाचा हा घोष राजाच्या वारसाच्या, म्हणजे भाचा इओमरच्या तोंडी, युद्धाच्या मध्यावर, शोकाच्या भरात येतो. चित्रपटाने तो राजाच्या मुखी आणि हल्ल्याच्या आधी घातल्यामुळे त्यातला शोक जाऊन संकल्प आला.

त्या घोडदळात राजाची भाची इओविन पुरुषवेषात आहे. वाचकापासून तिची ओळख लपवणे टॉल्किन यांना शक्य होते. पडद्यावर चेहरा दिसतोच, त्यामुळे प्रेक्षकाला ती पहिल्यापासून माहीत असते. चित्रीकरणाच्या वेळी रोहनच्या स्वारांत खोट्या दाढ्या लावलेल्या कितीतरी घोडेस्वार स्त्रिया होत्या, ही हकीकत या प्रसंगाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

काळ्या स्वारांचा नायक विच-किंग पडलेल्या राजावर झडप घालतो तेव्हा इओविन आडवी येते. कोणीही पुरुष आपल्याला मारू शकणार नाही, या भाकितावर तो निर्धास्त आहे. इथे दोन शिरस्त्राणे समोरासमोर आहेत. इओविन आपले शिरस्त्राण काढते तेव्हा त्यातून मोकळे केस आणि भ्यालेला, तरीही ठाम चेहरा बाहेर येतो. विच-किंगच्या लोखंडी मुकुटाखाली मात्र नुसता काळोख आहे. तिची तलवार त्या काळोखात शिरते आणि ते लोखंड आतल्या आत चुरगळत जाते, कारण त्याला आतून आधार देणारे काहीच नसते. सत्तेच्या लोभाने स्वतःला गमावून बसलेल्या राजाची याहून नेमकी प्रतिमा मला दुसरीकडे आढळली नाही.

एक गोष्ट मात्र हरवली. विच-किंगच्या पायात मागून खंजीर खुपसणारा मेरी हा हॉबिट, म्हणजे बुटक्या लोकांच्या जमातीतला गडी, कादंबरीत जे पाते वापरतो, ते याच शत्रूशी लढलेल्या, नामशेष झालेल्या राज्यातल्या कारागिरांनी घडवलेले आहे. शतकांपूर्वी मेलेल्या माणसांची मेहनत इथे फळाला येते. चित्रपटात त्या पात्याचा पूर्वेतिहासच गाळला असल्याने ते साधे शस्त्र होऊन बसते.

यापेक्षा मोठी पडझड पुढे आहे. गोंडोरच्या गादीचा वारस अ‍ॅरागॉर्न शपथभंग केलेल्या मृतांची सेना घेऊन येतो आणि हिरव्या लाटेसारखी ती मैदानावरून, नगरावरून वाहत जाऊन शत्रूला पुसून टाकते. कादंबरीत हे मृत पेलेनॉरला येतच नाहीत. दक्षिणेकडच्या बंदरात ते शत्रूला पळवून लावतात, तिथेच त्यांची सुटका होते, आणि शत्रूच्या तिथल्या जहाजांतून युद्धभूमीवर येतात ती जिवंत, मरू शकणारी माणसे. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते; युद्धाची किंमत कोण चुकवतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ज्यांना मरण नाही त्यांनी जिंकून दिलेली लढाई पाहिल्यावर, भाल्यांवर तलवार आपटणाऱ्या राजाने काय मिळवले, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला तर त्याला दोष देता येणार नाही.

तरीही याच प्रसंगात पटकथेने मूळ कादंबरीवर मात केलेली एक जागा आहे. कादंबरीत थिओडेन घोड्याखाली चिरडलेल्या अवस्थेत मेरीशी बोलतो आणि आपली भाची हाताच्या अंतरावर पडली आहे हे न कळताच प्राण सोडतो. चित्रपटात ती रांगत त्याच्यापाशी येते आणि तो तिला ओळखतो. तिला युद्धापासून दूर ठेवू पाहणारा हाच राजा आता तिचा उघडा चेहरा पाहतो, तिनेच आपल्याला वाचवले असे तिला सांगतो, आणि पूर्वजांच्या पंक्तीत बसायला आपल्याला लाज वाटणार नाही असे म्हणतो. जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स यांनी घातलेली ही ओळख मृतांच्या सेनेने ओढवलेले नुकसान पुष्कळ अंशी भरून काढते, कारण इथे कॅमेरा पुन्हा दोन मर्त्य चेहऱ्यांवर येऊन ठेपतो.