तिसरा डोस कधी

(शॉट: ओपीडीचा व्हरांडा, सकाळ)

सकाळचे पावणेनऊ झालेत. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी हॉस्पिटल, आणि ही रांग बघा, ही पेशंटची रांग नाही. ह्या नर्सिंगच्या फर्स्ट इयरच्या मुली आहेत, हॉस्टेलवर येऊन जेमतेम आठवडा झालाय. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची फाइल, त्यात बारावीचं मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, डोमिसाइल आणि सगळ्यात वर मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट, कारण ते नसेल तर अ‍ॅडमिशनच कन्फर्म होत नाही.

(शॉट: सर्टिफिकेटचा क्लोजअप)

उंची, वजन, नजर, सही, शिक्का. एवढ्यावर मुलगी फिट. मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला होते तेव्हा माझा हाच कागद गावाकडच्या एका दवाखान्यात पाच मिनिटांत झाला होता, बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती मामांनी, आणि पहिल्याच वर्षी मी सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रेमधल्या सुया उचलत होते. तुझी हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लस झालीय का गं, असं मला कोणीच विचारलं नाही, ना त्या दवाखान्याने, ना कॉलेजने. मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. म्हणून ही फिल्म.

इथल्या ट्यूटर मॅडमनी ठरवलंय की कागद फाइलला लावायचा आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत हे सगळं आहेच, विद्यार्थिनीची दरवर्षी तपासणी, हेल्थ रेकॉर्ड, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस. नियम नवा नाही, तो राबवायला कोणीतरी सकाळी लवकर येऊन रजिस्टर उघडून बसावं लागतं, एवढंच.

(शॉट: बोटाला टोचणं, एक मुलगी डोळे मिटते)

पहिलं हिमोग्लोबिन. 12 च्या खाली आलं की अ‍ॅनिमिया, लोहाच्या गोळ्या लगेच हातात. सकाळी चहा-बिस्किटावर येणाऱ्या आणि दुपारी दोनला जेवणाऱ्या पोरी आहेत ह्या, उद्या ह्यांनाच वॉर्डात आठ-आठ तास उभं राहायचंय.

मग टीबी. छातीचा एक्स-रे होतो तो आपल्याला आत जाऊन शूट करता आला नाही, पण हे बघा, हे मांटू, टीबीची कातडीवरची टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, कातडीच्या आतल्या आत एक थेंब सोडायचा, तिथे छोटा फुगा येतो संत्र्याच्या सालीसारखा. पुसायचं नाही, चोळायचं नाही, खाजवायचं तर अजिबात नाही.

(शॉट: दोन दिवसांनंतर, तोच हात, प्लास्टिकची पट्टी)

आणि हा दोन दिवसांनंतरचा शॉट. 48 ते 72 तासांत बघावंच लागतं, उशीर झाला की सगळं वाया. इथे बहुतेकजण चुकतात, लाल किती झालंय ते मोजतात. लाली मोजायचीच नाही, कडकपणा मोजायचा. मॅडम काय करतायत बघा, बॉलपेन बाहेरून हळूहळू आत ओढत आणतायत, जिथे पेन अडलं तिथे थांबायचं, मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन रेघा झाल्या की मधे पट्टी ठेवायची आणि मिलिमीटरमध्ये लिहायचं. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली असते त्यामुळे आकडा वाचताना विचार करावा लागतो, आणि पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच असं नाही. पण वॉर्डात शिरण्याआधीचा आकडा रजिस्टरमध्ये असला तर तीन वर्षांनी तुलना तरी करता येते. माझ्या बॅचमध्ये कोणाचाच असा आकडा नव्हता.

गोवर-रुबेलाचं विचारलं तर अर्ध्या मुली हसल्या. 27 नोव्हेंबर 2018 ला राज्यात मोहीम सुरू झाली तेव्हा ह्या शाळेत होत्या, वर्गावर्गाने रांगा लावल्या होत्या, नखाला खूण केली होती ते सगळ्यांना आठवतंय. कार्ड मात्र कोणाकडेच नाही, कार्ड गावी पेटीत असेल नाहीतर पुरात गेलं असेल. कांजिण्यांची लस तर सरकारी यादीत नाहीच, ती स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते आणि एका हॉस्टेलच्या खोलीत सहा मुली राहतात.

(शॉट: निळा व्हॅक्सिन कॅरियर, झाकण उघडतं)

आता हे. ह्याच्यासाठीच आपण आलोय.

कॅरियरमध्ये चार आइस पॅक, मधे वायल, म्हणजे लसीची छोटी बाटली. हिपॅटायटिस बीची लस 2 ते 8 डिग्रीत ठेवायची, आणि ही गोठवायची नसते, गोठली की मेली. म्हणून आइस पॅक फ्रीजरमधून काढून थेट कॅरियरमध्ये भरत नाहीत, जरा बाहेर ठेवतात, हलवून बघतात, आत पाण्याचा आवाज आला की मगच भरतात. ऐका, येतोय ना आवाज? वायल पण हलवायची, कारण औषध तळाला बसतं, हलवलं की असं दुधाळ पांढरं होतं. मोठ्या माणसाला 1 मिली, दंडातच. कमरेत द्यायची नाही, तिथे चरबीत गेली की नीट लागू पडत नाही.

ह्या पांढऱ्या थेंबामागे फार मोठी गोष्ट आहे. 1960 च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक वेगळंच प्रथिन सापडलं, ते ह्या व्हायरसचं कवच निघालं, 1976 ला त्यांना नोबेल मिळालं. पहिली लस माणसांच्या रक्तातूनच बनवायचे. मग 1986 मध्ये यीस्टच्या पेशींकडून तेच प्रथिन बनवून घ्यायचं तंत्र आलं, म्हणजे लसीत व्हायरस नाहीच, नुसतं कवच, त्यामुळे लसीने कावीळ होईल ही भीती डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे बाहेरून येणारी लस इतकी महाग होती की नर्सला परवडणं शक्यच नव्हतं. 1997 ला हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली, पुढे पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनायला लागली आणि किंमत धाडकन खाली आली. बाळांच्या सरकारी लसीकरणात देशभर यायला मात्र 2011 उजाडलं. म्हणजे रांगेतल्या ह्या मुलींपैकी कोणाला बाळपणी मिळाली, कोणाला नाही, आईला नीट आठवत नाही.

(शॉट: दंडावर सुई, मागे उभी मैत्रीण तिचा हात धरते)

पहिला डोस आज. दुसरा एक महिन्याने. तिसरा सहाव्या महिन्यात. आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण, बघायचा, 10 च्या वर आला तर संरक्षण मिळालं, नाही आला तर पुन्हा तीन डोस. काही जणांच्या शरीरात लस उठतच नाही आणि ते टायटर केल्याशिवाय कळत नाही. आमच्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडला नोकरीला गेली, तिला रुजू व्हायच्या आधी टायटरचा रिपोर्ट मागितला, गोवर, कांजिण्या, टीबी सगळ्याचे पुरावे मागितले. दहा वर्षं इथे वॉर्डात काढल्यावर तिला स्वतःचा टायटर पहिल्यांदा कळला.

हिशोब करा आता. सहा महिने आणि वर एक-दोन. सीईटी, कॅपचे म्हणजे सरकारी प्रवेशाचे राउंड, कट ऑफ ह्यात अ‍ॅडमिशन आधीच लांबते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लिनिकल पोस्टिंग लागतं. मुलगी वॉर्डात आधी पोचते आणि तिसरा डोस मागून येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नर्सिंगला जायचं ठरलंय ना, मग बारावीचा शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या, मार्चला सुरू केलं तर सप्टेंबरमध्ये तिसरा होतो. आणि कॉलेजांनी प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावर हे छापावं, खर्च फीमध्ये न घालता स्वतः करावा.

(शॉट: प्रोसिजर रूम, पांढरा डबा)

ही वापरलेली सुई. टोपण परत लावायचं नाही, दोन्ही हातांनी तर कधीच नाही, कटरमध्ये कापायची आणि सरळ पांढऱ्या डब्यात. लस नसलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात तिघांना, हिपॅटायटिस बीचा शंभरात सहापासून तीसपर्यंत. वाळलेल्या रक्तात हा व्हायरस सात दिवस टिकतो. एकदा मुरला तर पुढे लिव्हर सिरोसिस, कॅन्सर.

आणि हो, टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मुलीला घरी पाठवायचं नाही, तिला उपचाराला पाठवायचं. एचआयव्हीची टेस्ट तर शिक्षणासाठी अट म्हणून मागताच येत नाही, 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू.

(शॉट: रजिस्टर, नंतर हॉस्टेलची खोली)

रजिस्टरमध्ये तीन रकाने. पहिल्यात आजची तारीख, शाई अजून ओली आहे. सगळ्यात शेवटी राहिलेल्या ह्या मुलीने सुट्टी लागली तरी तिसऱ्या डोसला यायचं का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सुट्टीतच यायचं गं बाई, गावाहून एसटीने ये, जेवायला माझ्याकडे." संध्याकाळी तिने कपाटाच्या दाराला आतून चिटकवलेल्या महालक्ष्मी कॅलेंडरवर पानं उलटत जाऊन एक तारीख गोल केली.