हेलिकॉप्टर परततं तेव्हा

[दृश्य : डोनाउव्योर्थ. कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा रस्ता. एक एच-१४५ हेलिकॉप्टर जमिनीपासून दोन-तीन मीटरवर तरंगतंय.]

विमानं टिपणाऱ्यांच्या हाताशी वेळापत्रक असतं. बचाव आणि पोलीस हेलिकॉप्टरांचं तसं काही नसतं. दिवसा कॉल आला की साधारण दोन मिनिटांत हेलिकॉप्टर हवेत जातं, आणि तुम्ही पिशवीतून कॅमेरा काढेपर्यंत ते झाडांमागं दिसेनासं होतं. म्हणून दक्षिण जर्मनीपासून ऑस्ट्रियामार्गे स्वित्झर्लंडपर्यंतच्या या सगळ्या प्रवासात एक गोष्ट धरून चालायचं : उड्डाणाच्या मागं लागू नका, परतण्याची तयारी करा. गेलेलं हेलिकॉप्टर तळावर येणारच. येताना ते वाऱ्याला तोंड करून येतं, वेग कमी करत येतं, आणि मधल्या वेळात तुम्हाला जागा निवडता येते, ऊन कुठून आहे ते पाहता येतं.

सुरुवात दक्षिण जर्मनीतल्या डोनाउव्योर्थपासून केलेली बरी, कारण पुढच्या तळांवर दिसणारी बहुतेक हेलिकॉप्टरं इथंच जोडली जातात. एअरबस हेलिकॉप्टर्सच्या या कारखान्यात एच-१३५ आणि एच-१४५ तयार होतात. चाचणी उड्डाणं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. रविवारी इथं येऊन काही हाती लागत नाही.

ओळख पटवायचा सरावही इथंच होतो. दोन्ही जातींना चाकांऐवजी स्किड, म्हणजे आडव्या दांड्यांचे पाय असतात, दोन्हींचा शेपटीचा पंखा गोल आवरणात बसवलेला असतो. त्याला फेनेस्ट्रॉन म्हणतात. एच-१३५ लहान; तिचं कमाल उड्डाण-वजन तीन टनांच्या जरासं आत. एच-१४५ भरदार; नव्या आवृत्तीत ३.८ टन. अंतरावरून आकाराचा अंदाज फसतो, म्हणून पाती मोजा. एच-१३५ ला चार. जुन्या एच-१४५ लाही चार. नव्या, डी-थ्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एच-१४५ ला पाच. पाचव्या पात्याबरोबर रोटरचा मधला भागही बदलला : पाती बेअरिंगविना थेट हबला जोडली, वजन कमी झालं आणि वाहून न्यायची क्षमता १५० किलोंनी वाढली. आणि एच-१४५ सारखंच धूड दिसलं, पण शेपटीचा पंखा उघडा असेल, तर ते जुनं ईसी-१४५ किंवा त्याआधीचं बीके-११७.

[दृश्य : ओबरश्लाइसहाइम. गवताळ विमानतळ, मागं जुनी हँगर.]

म्युनिकच्या उत्तरेला ओबरश्लाइसहाइम. १९१२ साली बव्हेरियाच्या शाही उड्डाण दलासाठी उभारलेला हा विमानतळ अजून वापरात आहे. लागूनच डॉइचेस म्युझियमचं विमान-संग्रहालय आहे, आणि संघीय पोलिसांच्या हवाई दलाची दक्षिण तुकडीही इथलीच. बाकीच्या तुकड्या फुलेनडॉर्फ, ब्लुमबेर्ग, फुल्डाटाल आणि झांक्ट ऑगुस्टिनला. ताफ्यात ईसी-१३५, ईसी-१५५ आणि सुपर प्यूमा. ईसी-१५५ ओळखायला सोपं : पाच पाती, फेनेस्ट्रॉन आणि स्किडऐवजी आत जाणारी चाकं. सुपर प्यूमांच्या जागी एच-२२५ येणार आहेत. २०२४ मध्ये त्यांचा करार झाला, ३८ पक्की आणि आणखी ६ घेण्याची मुभा.

ही हेलिकॉप्टरं गडद निळी. उजळ आभाळासमोर कॅमेऱ्याचं मोजमाप आभाळावर जातं आणि हेलिकॉप्टरचा नुसता काळा आकार उरतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर न्या. आभाळ थोडं जळलं तरी चालेल, दाराखालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. बचाव हेलिकॉप्टरांची अडचण उलटी. जर्मन वाहन संघटना एडीएसीचा पिवळा, नागरी संरक्षणाचा नारिंगी आणि स्विस हवाई बचाव संस्था रेगाचा लाल रंग भर उन्हात आधी फोटोतला लाल चॅनेल फोडतो. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, निर्धास्त दिसतो, पण रंगाचा सपाट डाग पडलेला असतो. लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख पाहायची सवय लावा.

पोलीस तळाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढता येतो, मात्र कुणीतरी येऊन ओळखपत्र मागेल हे गृहीत धरा. दाखवा, काय करताय ते सांगा. विषय सहसा तिथंच संपतो. शिडी लावून कुंपणावरून डोकावलात तर नाही संपत. एक बाब मात्र कायद्याची आहे. जर्मनीत हवाई संचाराचा रेडिओ ऐकायला सर्वसामान्यांना परवानगी नाही, आणि पोलीस-बचाव यंत्रणांचा डिजिटल रेडिओ सांकेतिक केलेला असतो. दुसऱ्या देशात स्कॅनर घेऊन फिरण्याची सवय असेल, तर तो इथं घरीच ठेवा. लष्करी तळांचा मामला आणखी वेगळा : सुरक्षाक्षेत्राची पाटी दिसली की कॅमेरा खाली.

फोनवरच्या विमान-दर्शक ॲपवर फार विसंबू नका. पोलीस हेलिकॉप्टरं बऱ्याचदा तिथं दिसतच नाहीत. बचावाची दिसतात, पण दरीत खाली उतरली की डोंगर सिग्नल अडवतो आणि नकाशावरचा ठिपका मध्येच गोठतो. तो गोठला म्हणजे हेलिकॉप्टर उतरलं, असा अर्थ काढू नका.

बव्हेरियाच्या राज्य पोलिसांची तुकडी वेगळी. तिचा मुख्य तळ म्युनिक विमानतळावर, दुसरा रोट या गावी. रेडिओवरचं नाव एडेलवाइस. वेळ कमी असेल तर हा थांबा वगळा. विमानतळ अवाढव्य आहे आणि हेलिकॉप्टर नेमकं आपल्या बाजूनं येईल याचा भरवसा नाही.

[दृश्य : म्युनिक. रुग्णालयाच्या आवारातलं हेलिपॅड, पिवळं हेलिकॉप्टर.]

१ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिकच्या हारलाखिंग रुग्णालयात ख्रिस्तोफ १ या नावानं बचाव हेलिकॉप्टर कामाला लागलं. ते बीओ-१०५ होतं, नोंदणी डी-एचआयएलएफ. आज शहरात ख्रिस्तोफ १ एडीएसीचं, पिवळं. आणि ग्रोसहाडर्न रुग्णालयात डीआरएफ या हवाई बचाव संस्थेचं लाल-पांढरं ख्रिस्तोफ म्युनशेन, जे रात्रीही उडतं.

नोंदवही ठेवणारे इथं हमखास घोळ घालतात. ख्रिस्तोफ १ हे तळाचं नाव आहे, हेलिकॉप्टरचं नव्हे. नेहमीचं हेलिकॉप्टर दुरुस्तीला गेलं की राखीव हेलिकॉप्टर येतं आणि तेही ख्रिस्तोफ १ म्हणूनच उडतं. तेव्हा वहीत तळाचं नाव, नोंदणी, पात्यांची संख्या आणि तारीख अशा चारही गोष्टी लिहा. जर्मन हेलिकॉप्टरांची नोंदणी डी-एच नं सुरू होते, ऑस्ट्रियाची ओई-एक्स नं. ऑस्ट्रियन पोलिसांची ओई-बी नं. स्विस हेलिकॉप्टरं एचबी-एक्स किंवा एचबी-झेड. अक्षरं धूसर आली, तर शेपटीवरचा रंगपट्टा आणि अँटेनांची जागा यांवरून नंतर ताडून पाहता येतं. त्यासाठी दोन्ही बाजूंचे फोटो हवेत.

[दृश्य : मुर्नाउ. मागं आल्प्सची पहिली रांग. हेलिकॉप्टर उतरतंय.]

म्युनिकहून दक्षिणेला मुर्नाउ. इथल्या अपघात रुग्णालयात एडीएसीचं ख्रिस्तोफ मुर्नाउ असतं. विंच, म्हणजे दोरीनं माणसं वर ओढायचं यंत्र, बसवलेलं एच-१४५. डोंगरातल्या कामासाठी विंचची दोरी साधारण ९० मीटर. फोटो काढताना विंच कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहून घ्या, कारण त्या बाजूचा फोटो जास्त सांगतो.

आता परतण्याचा क्रम नीट पाहू. आवाज आधी कुठल्या दिशेनं येतो याला फार महत्त्व नको. रुग्ण दुसऱ्याच रुग्णालयात सोडून हेलिकॉप्टर भलत्या बाजूनं येऊ शकतं. शेवटचा टप्पा मात्र वारा ठरवतो. वाऱ्याची पिशवी पाहा : तिचं निमुळतं टोक जिकडे, तिकडून हेलिकॉप्टर येणार आणि नाक पिशवीच्या तोंडाकडे असणार. जवळ आल्यावर नाक वर उचलून ते वेग मारतं. पोट आणि स्किड दिसतात, फोटो चांगला येतो तो याच क्षणी. जर्मनीतल्या अनेक तळांवर ते रुळांवरच्या चौकोनी पाटावर उतरतं. हा पाट हेलिकॉप्टरसकट हँगरमध्ये ओढून नेता येतो, आणि काही मीटर लांबी-रुंदीच्या त्या चौकोनावर वैमानिक स्किड अचूक टेकवतो. मग इंजिन लगेच बंद होत नाही. टर्बाइन थंड व्हावं म्हणून साधारण अर्धा मिनिट ते मंद चालतं, मग बंद होतं, पाती सावकाश होतात आणि शेवटी रोटर ब्रेक लागतो. पॅरामेडिक इंधनाची नळी ओढतो, डॉक्टर वापरलेलं साहित्य पुन्हा भरतो. दारं उघडी असतात, माणसं कामात असतात. स्थिर फोटोंसाठी याहून चांगला वेळ नाही, आणि याच वेळी पुढचा कॉल येऊ शकतो.

शटरचं गणित सोपं आहे. एच-१३५ चा रोटर मिनिटाला सुमारे ३९५ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण २,३७० अंश. १/१००० सेकंदाच्या शटरला पातं जेमतेम अडीच अंश सरकतं आणि हेलिकॉप्टर हवेत टांगलेलं खेळणं वाटतं. १/१२५ ला १९ अंश, १/६० ला जवळपास ४०. चार पात्यांची पूर्ण तबकडी हवी तर प्रत्येक पात्यानं ९० अंश पार करायला हवेत, त्यासाठी १/२५ लागतं. हातातल्या ४०० मिलिमीटरच्या लेन्सनं त्यात अंगाची धार टिकणं कठीण. व्यवहारात १/१०० ते १/१६० धरा, दहा-बारा फोटोंची माळ काढा आणि त्यातला एक ठेवा. तरंगत असताना १/८० पर्यंत जायला हरकत नाही. फोकसचा बिंदू रोटरवर नको, खिडकीच्या चौकटीवर हवा. एक्झॉस्टच्या मागून फोटो काढलात, तर गरम हवेतून सगळं पाण्याखाली असल्यासारखं येतं. तो दोष कुठल्याही लेन्सनं जात नाही.

रोटरखालची हवा कमी लेखू नका. तीन-साडेतीन टनांचं वजन तोलणारा वारा खडी, बर्फ, टोपी, लेन्सचं झाकण सगळं उडवतो. तिपाई सोडून बाजूला होऊ नका. आपत्कालीन वाटेवर गाडी उभी करू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. आणि स्ट्रेचर दिसलं की कॅमेरा खाली. असहाय अवस्थेतल्या माणसाचं चित्रण हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१-अ खाली गुन्हा आहे. अर्थात कलम नसतं तरी तो फोटो काढायचा नसतोच.

[दृश्य : इन्सब्रुक विमानतळ, मागं नॉर्डकेटेचे कडे.]

सीमा ओलांडली की इन्सब्रुक. ऑस्ट्रियाच्या मोटरवेसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना लागतं. १० दिवसांचं पुरतं. १ जुलै १९८३ पासून इथं ख्रिस्तोफोरस १ आहे, ओईएएमटीसी या वाहन संघटनेचं, तेही पिवळंच. त्याच विमानतळावर ऑस्ट्रियन पोलिसांचं हेलिकॉप्टरही असतं, रेडिओवर लिबेल्ल. एकाच जागी बचाव आणि पोलीस दोन्ही, म्हणून इथं एक पूर्ण दिवस द्या. दरी पूर्व-पश्चिम आहे. दक्षिणेकडं उभं राहून उत्तरेकडं पाहिलं की ऊन पाठीशी आणि मागं नॉर्डकेटे. दक्षिणेचा फ्योन वारा सुटला की हवा काचेसारखी स्वच्छ होते, पण धक्के जोरात बसतात. त्या दिवशी शटर थोडं वाढवा, कारण हेलिकॉप्टरच डोलत असतं.

इन नदीच्या काठानं वर झाम्सला ख्रिस्तोफोरस ५. हिवाळ्यात स्की-हंगामाच्या गर्दीत तिरोलमध्ये खासगी कंपन्यांची हेलिकॉप्टरंही कामाला असतात. त्यांतले काही तळ फक्त हंगामापुरते, तेव्हा निघण्याआधी खात्री करा.

[दृश्य : एंगाडिन खोरं. सामेडानची धावपट्टी.]

त्याच नदीच्या काठानं स्वित्झर्लंडच्या एंगाडिनमध्ये शिरलं की सामेडान, समुद्रसपाटीपासून १,७०७ मीटर. इथं रेगा ९ चा तळ आहे. रेगाची स्थापना १९५२ ची, आपत्कालीन क्रमांक १४१४. या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ असते, उन्हाळ्यात दुपारी आणखी विरळ. पात्यांना तेवढीच उचल द्यायला जास्त शक्ती लागते आणि हाताशी राखीव शक्ती कमी उरते. त्यामुळं उभं वर उठून मग वळण्यापेक्षा आधी पुढं वेग घेऊन चढणारी उड्डाणं इथं पाहायला मिळतात. छायाचित्रकाराचा त्यात फायदाच, हेलिकॉप्टर जास्त वेळ डोळ्यांच्या रेषेत राहतं.

उन्हाळी दुपारी मालोया खिंडीकडून खोऱ्यात खाली वाहणारा वारा नैऋत्येचा असतो. म्हणजे उतरणारं हेलिकॉप्टर ईशान्येकडून येतं, नाक नैऋत्येला. ऊनही दुपारनंतर तिकडूनच, म्हणून काच आणि नाक उजळलेलं मिळतं. सकाळी हा वारा नसतो आणि हे गणित लागू पडत नाही.

डोंगरातल्या तळांवर रेगानं वर्षानुवर्षं एडब्ल्यू-१०९ एसपी दा विंची वापरली : आत जाणारी चाकं, उघडा शेपटीपंखा, सडपातळ अंग. जुना फोटो तपासताना एवढ्या खुणा पुरतात. त्यांची आणि जुन्या एच-१४५ ची जागा घ्यायला रेगानं पाच पात्यांची एच-१४५ मागवली, एकूण २१. सगळा ताफा एकाच जातीचा झाला की प्रशिक्षण आणि सुटे भाग सोपे होतात. टिपणाऱ्यांना मात्र दोन तळांमधला फरक आता नोंदणीच्या अक्षरांतच शोधावा लागतो.

२,२८४ मीटरची युलिअर खिंड ओलांडून कूर शहराच्या पुढं उंटरफात्स, म्हणजे रेगा ५. खिंड सहसा वर्षभर खुली असते, तरी हिवाळ्यात सकाळी रस्त्याची स्थिती पाहून निघा. एंगाडिन आणि युलिअरच्या रस्त्याला विन्येट लागत नाही, पण कूरजवळ ए-१३ मोटरवेवर चढलात की लागतं. स्विस विन्येट फक्त वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक. इथून पुढं एर्स्टफेल्डचा रेगा ८ गाठायचा असेल, तर ओबराल्प खिंडीचा रस्ता जवळचा. ती २,०४४ मीटरवर आहे आणि हिवाळ्यात गाड्यांना बंद असते. तेव्हा झ्युरिकच्या बाजूनं वळसा घ्या. वाटेत वाकडी वाट करून मोलिसचा रेगा १२ ही जोडता येतो.