शेवटची गोळी कधी घेतली?

(कॅमेऱ्यात कापडी पिशवी. ओपीडीच्या टेबलावर गोळ्यांचे पत्ते.)

बीपीची, शुगरची, गॅसची. आणि कात्रीनं कापलेला हा अर्धा पत्ता. नाव दुसऱ्या अर्ध्यावर होतं, तो संपला. वर्धा जिल्ह्यातल्या या बाबांना एवढंच ठाऊक : "रक्त पातळ व्हाची हाये जी. सकाऊन एक, राती एक."

सिस्टर गावच्या मेडिकलला फोन लावतात. अपिक्साबॅन, 5 मिलिग्रॅम. बाबांचे ठोके अनियमित पडतात, हृदयात गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी. बुधवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. त्यात रक्त वाहत राहू नये, म्हणून गोळी आधी थांबवायची.

(भिंतीवरचं कॅलेंडर. सिस्टरचं बोट मागं सरकतं.)

मंगळवार. सोमवार. रविवार.

रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीचा, वॉरफरिनचा असर ओसरायला पाच दिवस लागायचे, रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी करायला वेगळी फेरी. या गोळीचा निम्मा असर साधारण 12 तासांत उतरतो. नुसत्या हर्नियाला आदला एक दिवस बंद ठेवली तरी भागतं. पण इथं भूल कमरेत सुई देऊन. मणक्यात रक्त साचायला नको, म्हणून भूलतज्ज्ञ पूर्ण 72 तास मागतात. रविवारी सकाळी 9 ला शेवटची.

(क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा रिपोर्ट.)

हा कागद आधी पाहायचा. अपिक्साबॅनचा पावहून थोडा जास्त भाग मूत्रपिंडातून जातो, डॅबिगॅट्रान या तशाच दुसऱ्या गोळीचा सुमारे 80 टक्के. मूत्रपिंड थकलं असेल, तर डॅबिगॅट्रानवाल्याचे दिवस वाढतात. बाबांचा रिपोर्ट ठीक आहे.

मधल्या दिवसांत गोळीऐवजी पोटात हेपॅरिनची, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं? गरज नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉज' अभ्यासात 3,007 रुग्णांच्या गोळ्या अशाच ठरलेल्या वेळापत्रकानं थांबवल्या, मध्ये इंजेक्शन न देता. आमच्याकडे अजूनही कुणी सवयीनं लिहून देतं, ते सोडा.

(चिठ्ठी. मोठ्या अक्षरांत, मराठीत.)

वार, तारीख, सकाळ की रात्र. खाली रेघ. एवढं लिहायला दीड मिनिट लागलं, आम्ही मोजलं.

(एसटी. खिडकीबाहेर पऱ्हाटी. मग बुधवार, थिएटरचा दरवाजा.)

"बाबा, शेवटची गोळी कधी घेतली?"
"इतवारी, सकाऊन."
चिठ्ठी पुढं होते. भूलतज्ज्ञ घड्याळ पाहतात. दार लागतं, आत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

(गुरुवार. वॉर्ड. पट्टी उघडली जाते.)

जखम कोरडी. अशा ऑपरेशनला साधारण 24 तासांनी गोळी पुन्हा सुरू होते, मोठ्या ऑपरेशनला 48 ते 72 तासांनी. कुणी सांगितलंच नाही आणि बंदच राहिली, तर हृदयात गुठळी होऊन लकव्याचा धोका.

सिस्टर दुसरी चिठ्ठी लिहितात : आज रात्रीपासून पुन्हा, सकाळी एक, रात्री एक. बाबा हात पुढं करतात. आजी मधूनच ती घेऊन पदराच्या गाठीला बांधतात.

"मायाजवळ राहू द्या जी. हे हारपवतात."