सांध्यातून गळणारं काळं तेल

नमस्कार श्रोतेहो.

टू-स्ट्रोक मोटरसायकल चालू असताना सिलिंडरच्या बाजूला कान द्या. थोडं लांबूनच, कारण पाईप चांगलाच पोळतो. मागच्या टोकातून येणारा टणटणीत आवाज वेगळा आणि सिलिंडरच्या तोंडाशी होणारी ‘फुस् फुस्’ वेगळी. ही फुसफुस ऐकू आली, की बेंड पाईपचा, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या पाईपचा, सांधा सुटलाय असं समजा. शंका असेल तर सांध्याखाली बघा. डांबरासारखं काळं, चिकट तेल ओघळलेलं दिसेल.

हे तेल येतं कुठून? या इंजिनात तेल पेट्रोलच्या जोडीनंच आत जातं. बऱ्याच गाड्यांना 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल चालतं, जुन्या गाड्यांना त्याहून जास्त लागतं. ते सगळं काही जळत नाही. गाडी सावकाश, थोड्या थोड्या अंतरावर फिरत असली तर पाईप पुरता तापत नाही आणि उरलेलं तेल आतच साचतं. मग जिथे फट सापडेल तिथून ते बाहेर येतं.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व नसतो. सिलिंडरच्या भिंतीत नुसतं भोक, म्हणजे पोर्ट, असतं, ते पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच झाकतो. धुराबरोबर थोडं ताजं मिश्रणही निसटतं. पाईपचा आकार नीट साधला असेल, तर आतून परत फिरणारी दाबाची लाट ते मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडन या इंजिनिअरनं रेसच्या गाड्यांवर हीच युक्ती वापरून भल्याभल्यांना मागे टाकलं. सांधा फुटका असेल तर ही लाट मंदावते. साध्या गाडीवर ते फारसं जाणवणार नाही, हे मान्य. पण थ्रॉटल सोडल्यावर ‘फट् फट्’ असे बार निघायला लागले, तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आता दुरुस्ती. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सांगतो. सांध्याला हात न लावता मी वरून अर्धी ट्यूब सिलिकॉन थापलं होतं. चौथ्या दिवशी ते सालपटासारखं सोलून हातात आलं. तेलकट धातूला काहीही चिकटत नाही, एवढी साधी गोष्ट!

तेव्हा पाईप पूर्ण उतरवा. नट गंजले असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, नाहीतर स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटतो आणि काम दुप्पट होतं. पिस्टन वर आणून पोर्ट झाकून घ्या आणि मगच तिथला कार्बन खरवडा. खपल्या आत पडल्या तर सिलिंडरवर ओरखडे उठतात. सांध्यात दाबून बसवलेलं जुनं पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, म्हणून ते कोरडं घासू नका, ओलं करून काढा. शेवटी दोन्ही तोंडं थिनरनं पुसा. पुसलेलं फडकं पांढरं राहीपर्यंत पुसा.

पॅकिंग शक्यतो नवीन घाला. तांब्याची रिंग असेल तर जुनीही चालते, फक्त ती लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. लोखंड असं केल्यानं कडक होऊ शकतं, तांबं उलट मऊ पडतं आणि दाबलं की नीट बसतं. सिलिकॉन लावायचंच असेल तर उष्णता सोसणारं घ्या आणि बाहेरच्या कडेला पातळ थर द्या. आत उतरलेलं सिलिकॉन जळतं, पोर्टाची वाट अडवतं. आणि ते वाळायला 24 तास द्या. हा धीर फार थोड्यांना असतो.

पण सांधा पुन्हा पुन्हा गळत असेल, तर नजर सांध्यावरून हलवा. सायलेन्सरचा मागचा ब्रॅकेट तुटलाय का? त्याचं रबर गेलंय का? तसं असेल तर सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या सांध्यावर लोंबकळतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला हिसका बसतो. तिथे कुठलीच पेस्ट टिकणार नाही. जोडताना आधी सगळे नट-बोल्ट सैल लावा. मग पुढचा सांधा सरळ बसवून आवळा आणि मागचा ब्रॅकेट शेवटी. तो ओढूनताणून भोकात आणावा लागत असेल, तर मध्ये वॉशर घाला, पाईप वाकवू नका.

तरीही तेल वाहतच राहिलं आणि धूर पांढरा, दाट दिसला, तर क्रँकचं, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याचं, ऑईल सील गेलेलं असू शकतं. गिअरबॉक्सचं तेल त्यातून आत खेचलं जातं. गिअर ऑईल विनाकारण कमी होतंय का, तेवढं बघा.

सगळं जोडून झालं की गाडी उघड्यावर चालू करा, बंद खोलीत नको, या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हातमोजा घालून मागचं टोक फडक्यानं क्षणभर दाबा. सांध्यापाशी फुसफुस झाली नाही, तर एक चक्कर मारून या. इंजिन गार झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. पहिल्या तापण्यात पॅकिंग दबतं आणि ते पाव फेरा तरी आत जातात.